गाव शहरात आले, घर कुठे राहिले?

रविवारी सकाळी बेंगळुरूच्या सर्जापूर रस्त्यावर, व्हाइटफील्डच्या मागच्या बाजूला किंवा येलहंकापलीकडे फिरायला गेलात, तर मराठी हमखास कानावर पडेल. मुलगा कॉम्प्युटर कंपनीत, सून दुसऱ्या कंपनीत, आणि सांगली-सोलापूरहून आठ दिवसांसाठी आलेले आई-वडील. चौघे मिळून घर बघायला निघालेले असतात. वडिलांनी आयुष्यभर नोकरी करून जमवलेली पुंजी मुलाच्या कर्जाला जोडायची आणि 'थर्टी-फॉर्टी'ची साइट, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट किंवा त्यावरचे तयार घर घ्यायचे, असा बेत असतो. बेंगळुरूत प्लॉटला प्लॉट कुणी म्हणत नाही, साइट म्हणतात.

वडील विचारतात, "कागद सगळे नीट आहेत ना?" एजंट हसून सांगतो, "खाता है अंकल, टॅक्स भी भरा हुआ है." वडिलांना हायसे वाटते. खाते आहे, कर भरला आहे, वरून पालिकेचा शिक्का आहे. आणखी काय हवे?

नेमके इथेच पाणी मुरते. बेंगळुरूत खाता दोन प्रकारचा असतो. एक 'ए' आणि एक 'बी'. या दोन अक्षरांमधला फरक एखाद्या कुटुंबाच्या दहा-पंधरा वर्षांच्या कमाईएवढा असू शकतो. तो का पडला हे समजून घ्यायचे, तर शहराची हद्द कशी वाढत गेली ते पाहावे लागते.

चार बुरूज आणि एकशे दहा गावे

केंपेगौडाने १५३७ साली वसवलेल्या या गावाला पुढे चार बुरूज उभे राहिले. लालबागेतल्या खडकावर, केंपांबुधी तळ्याशी, हलसूरला आणि मेखरी सर्कलजवळ. शहर कधीकाळी इथवर पोहोचेल म्हणून ते बांधले, असे सांगतात. १६३८ नंतर हे ठाणे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, म्हणून मराठी माणसाला बेंगळुरू तसे परके नाही. आज ते चारही बुरूज शहराच्या अगदी पोटात गेले आहेत. लालबागेच्या बुरुजावरून शहराचा शेवट कुठल्याच दिशेला दिसत नाही.

इंग्रजी अमलात पेटा म्हणजे जुने शहर आणि छावणी अशा दोन वेगळ्या नगरपालिका होत्या. १९४९ मध्ये त्या एकत्र करून महापालिका झाली. मोठी उडी मात्र २००७ साली पडली. त्या वर्षी जानेवारीत जुन्या महानगरपालिकेत भोवतालच्या सात नगरपालिका, केंगेरीची छोटी नगरपालिका आणि ११० खेडी एकदम घालण्यात आली. बोम्मनहळ्ळी, ब्याटरायनपुरा, दासरहळ्ळी, कृष्णराजपुरम, महादेवपुरा, राजराजेश्वरीनगर आणि येलहंका ही त्या सात नगरपालिकांची नावे. या एकत्रीकरणातून 'बृहत् बेंगळुरू महानगर पालिके'चा जन्म झाला. शहराचे क्षेत्र सुमारे २२६ चौरस किलोमीटरवरून सातशेच्या वर गेले. एका सरकारी आदेशाने शहर तिपटीहून मोठे झाले.

यातली गंमत म्हणा वा दुर्दैव म्हणा, हे घडले तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. जुन्या सभागृहाची मुदत २००६ च्या अखेरीस संपली होती आणि नवी निवडणूक २०१० च्या मार्चमध्ये झाली. ग्रामपंचायतीचे सदस्य गेले, नगरसेवक आले नाहीत. नळाची, दिव्याची तक्रार घेऊन ज्याच्या ओसरीवर जायचे, तो माणूसच तीन वर्षे नव्हता. बेळ्ळंदूरसारख्या ग्रामपंचायतीचा त्यावेळी देशभर बोलबाला होता. आपला कारभार संगणकावर नेणारी ती पंचायत होती आणि आसपासच्या कंपन्यांमुळे तिचे उत्पन्नही बरे होते. ती एका रात्रीत एका प्रचंड कारभारातला एक कोपरा झाली. पुढे त्याच बेळ्ळंदूरचे तळे फेसाने आणि आगीने साऱ्या जगात गाजले, हे वाचकांना आठवत असेलच.

नकाशा एकाचा, शिक्का दुसऱ्याचा

हद्दवाढ झाली की जमिनीचे नियम बदलतात, असे सगळेच धरून चालतात. गाव पालिकेत गेले, आता शेताचा प्लॉट होणार, मजले चढणार, भाव वाढणार, असा हिशेब असतो. प्रत्यक्षात गोष्ट थोडी वेगळी असते.

कुठल्या जमिनीवर घर बांधायचे, कुठे दुकान, कुठे कारखाना आणि कुठे फक्त शेती, हे ठरवतो तो विकास आराखडा. बेंगळुरूत तो आखण्याचे काम पालिकेकडे नव्हतेच. १९७६ च्या कायद्याने स्थापन झालेले बेंगळुरू विकास प्राधिकरण, म्हणजे बीडीए, ते करीत आले. त्या प्राधिकरणाची हद्द पालिकेपेक्षा कितीतरी मोठी होती. म्हणजे ही ११० खेडी पालिकेत येण्याआधीच बीडीएच्या नकाशावर होती. १९८४ च्या आराखड्यात तर शहराभोवती आठशे चौरस किलोमीटरहून मोठा हिरवा पट्टा दाखवला होता. तो पुढच्या आराखड्यात आक्रसला आणि त्यापुढच्या आराखड्यात आणखी आक्रसला.

तेव्हा २००७ च्या जानेवारीत गाव पालिकेत आले, म्हणून त्या दिवशी नकाशावरचा रंग बदलला नाही. रंग बदलला असेल तर त्याच वर्षी जूनमध्ये मंजूर झालेल्या '२०१५ च्या सुधारित आराखड्या'मुळे. पालिकेत येण्याने बदलले ते एवढेच, की बांधकामाची परवानगी कुणाकडे मागायची, कर कुणाला भरायचा आणि नियम मोडला तर नोटीस कोण देणार. आधी हे सारे ग्रामपंचायतीच्या चावडीवर व्हायचे. आता त्यासाठी पालिकेच्या कचेरीत जावे लागू लागले.

त्या चावडीवर काय व्हायचे? शेतजमिनीवर घर बांधायचे तर आधी ती बिगरशेती करून घ्यावी लागते. आपल्याकडे त्याला 'एनए' म्हणतात, तिकडे जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचे म्हणून 'डीसी कन्व्हर्शन'. त्यानंतर प्लॉट पाडायचा नकाशा बीडीएने मंजूर करायचा. त्यात रस्ते किती रुंद, बाग किती, शाळेला जागा कुठे हे सारे ठरलेले असते. यात वेळ जातो, पैसा जातो आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे जमिनीचा मोठा तुकडा रस्त्यांना आणि मोकळ्या जागेला सोडावा लागतो. मग शॉर्टकट निघाला. शेतमालकाने आणि दलालाने मिळून शेतात चुन्याच्या रेघा मारायच्या, वीस फुटांचे रस्ते ठेवायचे, साइट विकायच्या आणि पंचायतीकडून खाता व बांधकामाचा परवाना घ्यायचा. यालाच बेंगळुरूत 'रेव्हेन्यू लेआउट' म्हणतात. महाराष्ट्रात याचे नाव गुंठेवारी. माणसाची गरज तीच आणि तिच्यावर पैसा करणाऱ्यांची युक्तीही तीच.

यात घेणारे सगळे लबाड होते असे मुळीच नाही. रिक्षावाले, गिरणीकामगार, शिक्षक, छोटे दुकानदार आणि पहिल्या पगारातून हप्ता भरणारे इंजिनिअर असे सगळेच होते. बीडीएच्या साइटसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहण्यापेक्षा आज परवडणारी जागा त्यांनी घेतली.

दोन वह्या

ही हजारो घरे २००७ साली पालिकेच्या पदरात पडली. आता करायचे काय? पाडता येत नाहीत, मान्यही करता येत नाहीत. शेवटी मधला मार्ग काढला गेला. बांधकाम बेकायदा असले तरी त्यावर कर घ्यायचा, पण त्याची नोंद वेगळ्या वहीत ठेवायची. तशी तरतूद महापालिका कायद्यात आहे. कर घेतला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही, असेही तीच सांगते. नियमातल्या मिळकती 'ए' वहीत, बाकीच्या 'बी' वहीत. 'बी खाता' आला तो असा.

थोडक्यात, बी खाता म्हणजे पालिकेने दिलेली कराची पावती. तिच्यावर मोठी बँक सहसा कर्ज देत नाही. जी वित्तसंस्था देते ती जादा व्याज लावते. बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही, जुन्या घरावर मजला चढवायची परवानगी मिळत नाही. आणि हेही लक्षात ठेवायला हवे, की 'ए' असो वा 'बी', खाता म्हणजे मालकी नव्हे. आपल्याकडे सातबारावर नाव लागले की मालकी पक्की झाली असे समजणारे जसे फसतात, तसेच तिकडे खात्यावर विसंबणारे फसतात. मालकी ठरते ती मूळ खरेदीखतांच्या साखळीवरून.

मग या लोकांना नियमात आणायचे कसे? कर्नाटक सरकारने 'अक्रम-सक्रम' नावाची योजना आणली. अक्रम म्हणजे नियमबाह्य, सक्रम म्हणजे नियमात. दंड भरा आणि नियमात या. राहत्या घराच्या बाबतीत निम्म्यापर्यंतचे उल्लंघन आणि व्यापारी इमारतीत पाव हिश्श्यापर्यंतचे उल्लंघन दंड घेऊन पदरात घालायचे, असे तिचे स्वरूप होते. कायद्यात दुरुस्ती २००७ मध्ये झाली, नियम २०१४ मध्ये आले, उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये योजनेला मान्यता दिली आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. दहा वर्षांच्या चर्चेचे फलित एवढेच. विरोध करणाऱ्यांचाही मुद्दा खोटा नव्हता. ज्याने कर्ज काढून, जागा सोडून, नियमात घर बांधले, त्याने मूर्खपणा केला असे का ठरावे?

या गोंधळात गावकऱ्यांना शहर मिळाले का? कर मिळाला, हे नक्की. पाण्याचे म्हणाल तर, कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे पाणी या ११० खेड्यांसाठी म्हणून आखले गेले आणि ती योजना सुरू झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. दिवसाला ७७.५ कोटी लिटर पाण्याची ही योजना. पालिकेत आल्यापासून ती सुरू व्हायला सतरा वर्षे गेली. मधल्या काळात जन्मलेले मूल कॉलेजात जायच्या वयाचे झाले. तोवर बोअर आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे १३,९०० सरकारी बोअरपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे खुद्द सरकारने सांगितले. त्याची सर्वाधिक झळ याच भागांना बसली. महिन्याच्या घरखर्चात दुधाच्या बिलाशेजारी टँकरचे बिल लिहिणाऱ्या गृहिणीला हद्दवाढ म्हणजे काय, हे कुणी वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

नाल्यावरचे घर

आणखी एक धोका आहे, तो कागदावर चटकन दिसत नाही. बेंगळुरूची तळी एकमेकांना ओढ्यांनी जोडलेली आहेत. एक भरले की पाणी दुसऱ्यात जाते. या ओढ्यांना तिथे 'राजकालुवे' म्हणतात. गावाच्या जुन्या नकाशात ते दाखवलेले असतात. शेतात पाडलेल्या लेआउटमध्ये मात्र ते पुष्कळदा बुजवून टाकलेले असतात. पावसाला नकाशा लागत नाही, तो आपल्या वाटेने येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये महादेवपुरा भागात कोट्यवधींच्या बंगल्यांत पाणी शिरले आणि लोक ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर गेले, ती छायाचित्रे देशभर छापून आली.

त्याआधी ऑगस्ट २०१६ मध्ये बोम्मनहळ्ळी भागात पालिकेने ओढ्यावरची घरे पाडायला सुरुवात केली. जुना गावनकाशा आणून मोजणी झाली, भिंतींवर लाल खुणा झाल्या. हातात खरेदीखत, खाता, कराच्या पावत्या, काहींच्या हातात मंजूर नकाशासुद्धा. आणि समोर जेसीबी. ज्या कचेरीने परवानगी दिली तिच्याच माणसांनी घर पाडले, असे लोक टाहो फोडून सांगत होते.

ओढ्यापासून किती अंतर सोडायचे, हा नियमही बदलत राहिला. २०१५ च्या आराखड्यात तळ्याच्या काठापासून ३० मीटर आणि ओढ्याच्या आकाराप्रमाणे ५०, २५ वा १५ मीटर मोकळे ठेवायचे होते. मे २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणाने तळ्यासाठी ७५ आणि ओढ्यांसाठी ५०, ३५ व २५ मीटर केले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून आराखड्यातलीच अंतरे पुन्हा लागू केली. या तीन वर्षांत ज्यांची घरे अर्धवट बांधून थांबली, त्यांच्या व्याजाचा हिशेब कुणी ठेवला असेल?

पुण्याला तरी काय वेगळे?

बेंगळुरूच्या नावाने बोटे मोडायला नकोत. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये ३८ गावे घातली आणि विरोध झाल्यावर २००१ मध्ये त्यातली पंधरा पुरती बाहेर काढली. उरलेल्या गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर 'जैववैविध्य उद्याना'चे आरक्षण पडले, त्यावर २०१५ पर्यंत खल चालला. ज्याची टेकडीवर चार गुंठे जागा होती, त्याचे जवळजवळ अख्खे दशक यात गेले. पुढे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. या २३ गावांचा आराखडा करायचे काम तर पालिकेकडे न देता पीएमआरडीएकडे ठेवले गेले. कर एका दारात आणि नकाशा दुसऱ्या दारात, हा बेंगळुरूचाच नमुना. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही आत घेतलेली गावे २०२४ मध्ये पुन्हा बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कोल्हापूरने याच्या उलट टोक गाठले. १९७२ साली महापालिका झाल्यानंतर पुढची पन्नास वर्षे तिथली हद्द एक इंचही वाढली नाही. आजूबाजूच्या गावांनी ठाम नकार दिला. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळे प्राधिकरण काढले गेले.

गावकऱ्यांच्या नकारामागे केवळ हट्ट असतो असे शहरातल्यांना वाटते. पण शेतकऱ्याला ठाऊक असते, की आराखडा आला की त्याच्या जमिनीवर कुठलाही रंग पडू शकतो. शेजाऱ्याच्या वावरावर निवासी पिवळा आणि आपल्या वावरावर बागेचा हिरवा. शेजारी बंगला बांधतो, आपण मोबदल्यासाठी खेटे घालतो. शिवाय किती मजले चढवता येतील ते रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरते. बेंगळुरूच्या २०१५ च्या आराखड्यात लहान, अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला १.७५ एफएसआय होता, तर मोठ्या रस्त्यावरच्या वीस हजार चौरस मीटरवरच्या जमिनीला ३.२५ पर्यंत. गावातल्या बोळात राहणाऱ्याला हद्दवाढीने फारसे काही मिळत नाही. ज्याने आधीच एकरांनी जमीन घेऊन ठेवली आहे त्याला मिळते.

पुन्हा नवी पाटी

बेंगळुरूत या गोष्टीचा पुढचा अंक सध्या चालू आहे. २००७ मध्ये एवढा खटाटोप करून जी एक पालिका केली, तिच्या २ सप्टेंबर २०२५ पासून पाच पालिका झाल्या. मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. त्यांच्या डोक्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण बसवले आहे आणि नियोजनाचा अधिकार नव्या कायद्याने त्याच्याकडे दिला आहे. नव्या गावांना आत घ्यायची वाटही त्या कायद्यात आहे. आधीच्या पालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपल्यापासून हे विभाजन होईपर्यंत नगरसेवकांची निवडणूक झालेली नव्हती, हाही योगायोगच समजायचा काय?

बी खातेवाल्यांसाठी २०२५ च्या अखेरीस नवी योजना जाहीर झाली. जागेच्या सरकारी दराच्या पाच टक्के भरा आणि शंभर दिवसांत 'ए' मध्ये या. पण एक गाठ सुटली की दुसरी दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सांगितले, की भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय इमारतीला वीज-पाणी जोडू नये. बेंगळुरूत बांधून तयार असलेल्या कितीतरी घरांचे मीटर त्यामुळे अडकले. खाता म्हणजे जागेची नोंद आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा दाखला. पहिला सुधारला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. पैसे भरण्याआधी हे विचारून घेतलेले बरे.

तर सर्जापूर रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या वडिलांनी काय विचारावे? खाता 'ए' की 'बी', हा पहिला प्रश्न. जमीन बिगरशेती केल्याचा आदेश कुठे आहे, हा दुसरा. आदेशाची प्रत हातात घेऊन त्यावरचा सर्व्हे नंबर खरेदीखताशी ताडून पाहावा. लेआउट बीडीएने मंजूर केला की पंचायतीने, आणि पंचायतीने केला असेल तर तेव्हा ते गाव कुणाच्या नियोजनाखाली होते, हे खोदून विचारावे. निदान गेल्या तीस वर्षांचा बोजा-दाखला काढावा, तिकडे त्याला 'ईसी' म्हणतात. गावाचा जुना नकाशा मिळवून ओढा कुठून जातो ते पाहावे आणि पावसाळ्यात एकदा मुद्दाम त्या गल्लीत चक्कर टाकावी. तिथल्या एखाद्या काकूंना "पाणी नळाला येते की टँकरने?" एवढे विचारले तरी एजंटच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते. आणि हे सारे कागद कानडीत असतात. मुलाच्या मित्राकडून वाचून न घेता जमिनीचे व्यवहार पाहणाऱ्या स्थानिक वकिलाला फी देऊन दाखवावेत. लाखांचा व्यवहार करताना काही हजार वाचवण्यात अर्थ नाही.

एवढे प्रश्न ऐकल्यावर एजंटचे हसू जरा मावळते. "अंकल, यहाँ सब ऐसे ही लेते हैं," तो म्हणतो. ते खोटेही नसते. वडील मुलाकडे पाहतात, मुलगा मोबाइलमध्ये कर्जाचा हप्ता मोजत असतो. सासूबाई आणि सून तोवर शेजारच्या फाटकाशी पोहोचलेल्या असतात आणि आतल्या बाईंना टँकरचा भाव विचारत असतात.